मुकादमांची साखर

“पेशंटचं नाव?”

“मुकादम.”

“पहिलं नाव?”

“तेच पहिलं. दुसरं नाही.”

रबाळे स्टेशनजवळच्या मेडिकलवाल्याने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. संध्याकाळचे सव्वासहा वाजले होते आणि माझ्यामागे कंपन्यांतून सुटलेली चार माणसं खोकल्याचं औषध नाहीतर कंबरेचा बाम मागायला उभी होती.

“वय?”

“नऊ.”

इथे त्याचं पेन थांबलं. माझ्या मागच्या बाई “अगं बाई!” म्हणाल्या.

“लहानपणापासून आहे का हो शुगर?”

“नाही. मागच्या आठवड्यात निघाली.”

“वजन किती आहे बाळाचं?”

“साडेसहा किलो.”

दुकानात एकदम शांतता पसरली. नऊ वर्षांचं पोर आणि साडेसहा किलो! आता ही माणसं वर्गणी काढतील, या भीतीने मी घाईघाईने म्हणालो, “बोका आहे.”

“मग आधी बोलायचं ना, शेठ,” मेडिकलवाला म्हणाला आणि बिलावरचं ‘मास्टर’ त्याने खोडलं. मागच्या बाईंनी आपला जीव पुन्हा खोकल्याच्या औषधात गुंतवला.

मुकादम आम्हाला एमआयडीसीत सापडला. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या बाजूला आमची कंपनी आहे. तिच्या गेटपाशी टेम्पो भरताना हे मूठभर पिल्लू एका खोक्यावर बसून हमालांच्या कामावर देखरेख करत असे. स्वतः काडी हलवायची नाही आणि सगळ्यांकडे नाराजीने पाहायचं, म्हणून नाव पडलं मुकादम. पावसाळ्यात त्याला घरी आणलं, पुढे रीतसर नसबंदी केली आणि त्यानंतरची आठ वर्षं त्याने आमच्या सोफ्यावरून आमच्यावर देखरेख केली. कोपऱ्यात कोरड्या दाण्यांची वाटी कायम भरलेली. पोटाचा घेर इतका वाढला की बसला की तो सगळीकडून सारखाच दिसे. शेजारीपाजारी म्हणायचे, खात्यापित्या घरचा दिसतो. आम्हाला अभिमान वाटायचा.

त्याचा आजार आधी ओळखला तो मुंग्यांनी. मुकादम काही दिवस पाण्याच्या भांड्यापाशी मुक्कामाला गेला होता. भांडं रिकामं करायचा, मग रेतीचा ट्रे भरायचा. खाणं दुप्पट, तरी वजन उतरत चाललेलं. आम्ही म्हटलं, उन्हाळा आहे. मग एका सकाळी आईने हाक मारली, “अरे, याच्या ट्रेला मुंग्या लागल्यात!” बाहेरून आलेली मुंग्यांची रांग साखरेचा डबा ओलांडून, देवापुढचा गूळ ओलांडून, थेट मुकादमाच्या ट्रेत जात होती. आपल्याकडच्या जुन्या वैद्यांना ही खूण ठाऊक होती. मुंग्या लघवीकडे धावतात, हे चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत नोंदलेलं आहे. आमच्या घरात कुणी चरक वाचलेला नव्हता. मुंग्यांनी वाचला असावा.

डॉक्टरांकडे आकडा आला ३८०. मांजराची साखर साधारण ८० ते १२० असावी. पण डॉक्टर म्हणाले, एवढ्यावर ठरवता येत नाही. मांजर घाबरलं की त्याची साखर उसळी मारते आणि पिंजऱ्यात कोंबून, रिक्षात घालून, भुंकणाऱ्या लॅब्राडोरशेजारी बसवल्यावर कुठलं मांजर घाबरणार नाही? म्हणून फ्रुक्टोसामीन नावाची तपासणी केली. ती मागच्या दोनेक आठवड्यांची सरासरी सांगते, तेव्हा लॅब्राडोरवर ढकलता येत नाही. तीही वाढलेलीच निघाली. वजनदार, नसबंदी झालेला, दिवसभर घरात लोळणारा बोका म्हणजे या आजाराचं आवडतं गिऱ्हाईक, असं डॉक्टरांनी सांगितलं. हे वर्णन ऐकताना मी, अजिबात कारण नसताना, पोट आत घेतलं.

यातला खरा अन्याय पुढेच आहे. मांजराला गोड लागतच नाही. २००५ साली फिलाडेल्फियाच्या मोनेल केंद्रातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, गोड चव ओळखायला जी दोन जनुकं लागतात त्यांतलं एक मांजरात निकामी आहे. वाघात आणि चित्त्यातही तेच. म्हणजे श्रीखंड, जिलबी, आंबरस यांचा मुकादमाच्या जिभेला पत्ताच नाही. आयुष्यात एक पेढा न चाखता त्याला शुगर झाली.

आणि त्याच घरात, त्याच सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला, आमचे बाबा बसतात. बाबांना बावीस वर्षं शुगर आहे आणि त्यांनी त्यातला एक दिवसही चवीशिवाय घालवलेला नाही. मुकादमाचा रिपोर्ट ऐकून ते म्हणाले, “बघ! मी सांगत होतो ना, गोड खाण्याचा आणि शुगरचा काही संबंध नसतो.”

मुकादमाला गोत्यात आणलं ते त्या भरलेल्या वाटीने. मांजर शंभर टक्के मांसाहारी. उंदरात पीठ असून असून किती असणार? पण कोरड्या दाण्यांना आकार द्यायचा तर पिष्ट लागतं आणि कित्येक दाण्यांत ते तिसऱ्या हिश्शापर्यंत जातं. म्हणजे वारकऱ्याच्या घरी सुरमई शिजवावी, तसे आम्ही वाघाच्या मावशीला आठ वर्षं नाश्त्याला पोहे वाढले होते.

इंजेक्शन दर बारा तासांनी. सकाळी साडेसात, संध्याकाळी साडेसात. रबाळ्यात बारा तासांचं कुणाला नवल नाही. एमआयडीसीतल्या लहान कंपन्यांत आठ ते आठची ड्यूटी असतेच. पण त्या ड्यूटीत दांडी मारता येते. इथे सुपरवायझरच चार पायांचा. “आज डबल मारतोस का?” असं साहेबांनी विचारलं आणि मी “नाही जमणार, बोक्याचं इंजेक्शन आहे” म्हणालो. साहेब बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. वीस वर्षांत त्यांनी आजी वारल्याच्या सहा सबबी ऐकल्या होत्या, त्यातल्या तीन माझ्याच. ही त्यांना इतकी अशक्य वाटली की खरीच असणार असं धरून त्यांनी मला सोडलं.

पहिलं इंजेक्शन देताना बायकोने मुकादमाला धरलं, आईने बायकोला आणि बाबांनी सोफ्याला. मानेमागची किंवा कुशीची कातडी चिमटीत धरून तंबू करायचा आणि तंबूच्या दारातून सुई आत घालायची. माझी सुई पुढच्या दारातून आत गेली ती मागच्या दारातून बाहेर आली. औषध केसांत. केसांना दवाखान्यासारखा वास येऊ लागला, म्हणजे ते मांजरात गेलं नाही, हे समजायची हीच खूण. अशा वेळी पुन्हा टोचायचं नाही, कारण थोडं आत गेलं असलं तर दुप्पट होईल. एक डोस चुकला तर साखर चढते, पण दुप्पट गेला तर जिवाशी गाठ. या सगळ्या गोंधळात मुकादम चिकनचा तुकडा चघळत होता. ३१ गेजची सुई केसासारखी बारीक असते, तिचं त्याला काही वाटत नाही. घाम मला फुटला होता.

दिवसाला दोन असं धरलं तर महिन्याला साठ. दुसऱ्या महिन्यात मी डोळे मिटून टोचू लागलो, असं लिहिणार होतो, पण बायको वाचेल. डोळे तिनेच मिटले होते.

फ्रिजच्या दारातल्या अंड्यांच्या जागी आता दोन इन्शुलिनं शेजारी नांदू लागली. बाबांचं दुधाळ, मुकादमाचं पाण्यासारखं. बाबांची बाटली ४० ताकदीची, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. मुकादमाचं ग्लार्जिन १०० ताकदीचं. सिरिंजही वेगळ्या, बाबांची लाल टोपीची आणि मुकादमाची नारिंगी. नारिंगी टोपीचं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर एका युनिटच्या रेघेपर्यंत अडीच युनिट जातात. मुकादमाचा अख्खा डोसच मुळी एक युनिट, म्हणजे मिलिलिटरचा शंभरावा भाग. डासाने गुळणी केली तरी जास्त भरेल. तेव्हा टोपीवर नजर ठेवणं आलं. महाराष्ट्रात हल्ली कुणाच्या डोक्यावर कुठली टोपी, हे सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतं. आमच्या फ्रिजमध्ये तरी तसं चालणार नव्हतं. बायकोने दोन डबे केले आणि बाबांच्या डब्यावर ‘माणूस’ अशी चिठ्ठी लावली. बाबा दोन दिवस सुखावले होते.

खरी पंचाईत नोंदीची. कुणी टोचलं, किती टोचलं, हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर मी टोचलं म्हणून बायकोने नाही टोचलं आणि बायकोने टोचलं म्हणून मी पुन्हा टोचलं. लिहायची जागा आमच्या घरात एकच, कालनिर्णय. त्यावर गॅस कधी लावला, कामवाल्या ताई कधी आल्या नाहीत, संकष्टीचा चंद्रोदय आणि दुधाचा हिशोब हे आधीच नांदत होते. त्यात मुकादम शिरला. महिनाभरात डॉक्टरांनी त्याचा डोस दीड युनिट केला. आणि आमच्याकडे दूध रोज दीड लिटर.

महिनाअखेर. दूधवाले काका हिशोबाला आले. हा हिशोब बाबांचा. जिन्यातून चढताना मला दोघांचे आवाज आले.

“एकशे पस्तीस लिटर,” बाबा ठणकावत होते. “कालनिर्णयावर लिहिलंय. रोज तीन वेळा दीड.”

“काका, पंचेचाळीस झालं,” दूधवाले काकुळतीला येऊन सांगत होते.

“मी स्वतः बेरीज केली आहे.”

“अवो, पण तीन वेळा मी येतोच कुठं?”

आयुष्यात प्रथमच एक गिऱ्हाईक दूधवाल्याला तिप्पट पैसे घ्या म्हणून दरडावत होतं आणि दूधवाला हात जोडत होता. मी वर जाऊन सांगितलं की, त्यातले नव्वद मुकादमाचे. दूधवाल्यांनी मुकादमाकडे पाहिलं. नव्वद लिटर पिणारा बोका कसा असतो, तसाच तो दिसत होता. पुढच्या महिन्यापासून मुकादमाची नोंद लाल शाईने. मग आई एकदा म्हणाली, “या महिन्यात किती सुट्ट्या आल्यात रे!”

साखर तपासायला रक्त कानाच्या कडेतून घेतात. तिथे एक बारीक शीर असते. आधी कान ऊबदार करायचा, म्हणजे रक्त उतरतं. त्यासाठी आई मोज्यात तांदूळ भरून तव्यावर शेकते आणि मुकादमाच्या कानाला लावते. मोजा माझा, तांदूळ कोलम. कडेवर जराशी व्हॅसलिन लावली की थेंब केसांत न पसरता मण्यासारखा उभा राहतो. तो मणी पट्टीला लागायच्या नेमक्या क्षणी मुकादम डोकं झटकतो. आमच्या हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर ठिपक्यांची नक्षी आहे. पाहुणे विचारतात, वारली आहे का?

मशीन माणसांचं, बाबांचंच. त्यावर मांजराची साखर खरीपेक्षा थोडी कमी दिसते, कारण मांजराच्या रक्तातली जवळपास सगळी साखर पातळ भागात असते आणि माणसाची बरीचशी लाल पेशींतही असते. डॉक्टर तेवढं धरून चालतात. बाबांनी मात्र यातून आपल्या सोयीचा अर्थ काढला. त्यांचा आकडा २४० आला तेव्हा ते म्हणाले, “हे मशीन आता मांजराला लागलंय. माझी जास्तच दाखवणार.”

बाबा पूर्वी महिन्यातून एकदा शुगर तपासत, तीही डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी, दोन दिवस कारलं खाऊन. आता शेजारी बोका दिवसातून दोनदा कान देतो म्हटल्यावर त्यांचीही पंचाईत झाली. आई म्हणे, “मुका जीव देतोय, तुम्हाला बोट द्यायला काय होतं?” त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. बोट मात्र होतं.

मे महिन्यात एकदा मुकादमाची साखर २९० वर गेली. औषध तेच, खाणं तेच. आदल्या रात्री गोठिवलीत हळद होती. आगऱ्यांची हळद म्हणजे काय, हे ज्याने ऐकलं नाही त्याला सांगून उपयोग नाही आणि ज्याने ऐकलं आहे त्याला आता ऐकू येत नाही. डीजेच्या ठोक्यावर आमच्या स्वयंपाकघरातल्या वाट्या नाचत होत्या. मुकादम रात्रभर कपाटात माझ्या स्वेटरवर बसून होता. डॉक्टरांना फोन केला तर ते म्हणाले, एका आकड्यावरून डोस बदलू नका, आणि पुढची हळद कधी आहे ते विचारून ठेवा.

सल्ल्यांना तोटा नव्हता. मेथीदाणे, जांभळाच्या बियांची पूड, कडुनिंब, सकाळी अनशापोटी कारल्याचा रस. बोक्याला कारल्याचा रस पाजायची कल्पना ज्यांनी मांडली त्यांना मी म्हटलं, तुम्ही या आणि पाजा. ते अजून आलेले नाहीत. शेजारच्या मावशींनी मात्र कामाचं सांगितलं. त्या गोठिवलीच्या. पाहायला आल्या, मला सुई भरताना बघितलं आणि म्हणाल्या, “काय रं पोरा, मांजराला कोन सुया टोचतं? त्याला म्हावरा घाल!” शास्त्रात याचं लांबलचक वर्णन आहे, पण गाभा हाच. पीठ कमी, मांस जास्त. नुसत्या म्हावऱ्यावर मांजराचं सगळं भागत नाही, म्हणून डॉक्टरांनी पिष्ट कमी असलेलं ओलं खाणं ठरवून दिलं आणि वर कधीमधी मावशींची उकडलेली मांदेली. कांदा-लसूण लावायचा नाही, तो मांजराला विषासारखा. मावशींना हे पटलं नाही. बिनलसणाचं म्हावरं हा त्यांना बोक्यावरचा अत्याचार वाटला.

इथे चूक माझी झाली. दाणे हळूहळू कमी करायचे आणि डॉक्टरांना सांगून डोसही खाली आणायचा, असं ठरलं होतं. मी उत्साहाच्या भरात चार दिवसांत दाणे बंद केले आणि फोन करायचा राहिला. साखर येण्याची वाट बंद झाली, घालवणारं औषध तेवढंच. रात्री अकराला मुकादम स्वयंपाकघरातून झिंगल्यासारखा आला, भिंतीला अंग घासत दोन पावलं चालला आणि बसला. डोळे माझ्याकडे, पण नजर भलतीकडेच. मशीन म्हणालं, ४८.

घरातल्या चौघांना एकाच वेळी घाम फुटला. अशा वेळी गोड द्यायचं, पण घशात ओतायचं नाही, ठसका लागतो, हिरड्यांना चोळायचं. मी मध शोधत कपाटं उघडू लागलो. बाबा तोवर आपल्या खोलीतून मधाची बाटली घेऊन आले. ती त्यांच्या खोलीत काय करत होती, हे विचारायची ती वेळ नव्हती. त्यांनीच मांडी घातली, मुकादमाचं डोकं मांडीवर घेतलं आणि बोटाने त्याच्या हिरड्यांना मध चोळत बसले. “शुगर उतरली की कसं होतं, मला विचार,” ते बोक्याला सांगत होते, “हातपाय आपले राहत नाहीत. घाबरू नको.” दहा मिनिटांनी पुन्हा चोळला. अर्ध्या तासात आकडा वर आला आणि मुकादमाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे बाबांच्या बोटाला चावला. घरातला सर्वांत गोड पदार्थ त्याच्या तोंडात होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता. बोटाला उरलेला मध बाबांनी चाटला. कुणी काही बोललं नाही.

त्याच रात्री डॉक्टरांना फोन केला. त्यांनी डोस उतरवला आणि माझाही पारा.

ज्या इन्शुलिनवर हे सगळं चाललं होतं, ते कुत्र्यांचं देणं आहे. १८८९ मध्ये स्ट्रासबुर्गला दोन डॉक्टरांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला, तेव्हा या आजाराचं घर सापडलं. १९२१ मध्ये टोरोंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळं केलं, तेही कुत्र्यांवर प्रयोग करूनच. पुढल्या जानेवारीत ते लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला दिलं गेलं. हे मी बाबांना सांगितलं. मुकादमाला नाही. खालच्या कुत्र्यांवर तो खिडकीतून रोज दोन तास गुरगुरतो, त्याला काहीतरी कामधंदा हवा.

दाण्यांचा मोठा डबा आता रिकामा होऊन वरच्या फळीवर गेला होता. पितृपक्षातल्या एका सकाळी आई पुन्हा ओरडली, “अरे, मुंग्या!” पोटात गोळा आला. मुकादमाची साखर पुन्हा चढली? पण ट्रे कोरडा. मुंग्यांची रांग ट्रे ओलांडून, भिंत चढून, वरच्या फळीवर, त्या डब्यात जात होती. डबा खाली काढला. ‘बोक्याचं खाणं, हात लावू नये’ असं बायकोने त्यावर लिहिलेलं. आत पाव किलो कंदी पेढे. साताऱ्याचे.

बाबा पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

“मुकादमाचे असतील,” ते म्हणाले.

डोस उतरत गेला. एक, मग अर्धा. लवकर इन्शुलिन सुरू केलं आणि पिष्ट बंद केलं तर बऱ्याच मांजरांचं स्वादुपिंड पुन्हा कामाला लागतं आणि इन्शुलिन सुटतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मी ते धीर देण्यासाठी म्हणतात तसं धरलं होतं. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची साखर आठवडाभर औषधाशिवाय शंभराच्या आसपास राहिली. आजार परत येऊ शकतो, म्हणून कान टोचणं अधूनमधून चालू ठेवायचं. पण नारिंगी टोप्या संपल्या. बाबांनी बातमी ऐकली आणि बराच वेळ बोक्याकडे पाहिलं. “पाच महिन्यांत सुटला,” ते म्हणाले. “मला बावीस वर्षं झाली. त्याचा डॉक्टर कोण आहे, मला पत्ता दे.”

राहिला प्रश्न चिकनचा. साडेसातचं इंजेक्शन आणि त्याबरोबरचा तुकडा, हा करार मुकादमाने मोडलेला नाही. पहिल्याच संध्याकाळी सात पंचविसाला तो फ्रिजसमोर येऊन बसला. आम्ही समजावलं, नको आता, बरा झालास. त्याने ऐकून घेतलं आणि आवाज वाढवला. शेवटी बाबा उठले. ‘माणूस’ चिठ्ठीचा डबा काढला, लाल टोपी काढून स्वतःच्या पोटाला टोचून घेतलं आणि एक तुकडा खाली टाकला. मुकादमाने तो खाल्ला आणि निघून गेला. कुणाला टोचलं, याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. कुणाला तरी टोचलं पाहिजे, एवढंच.

तेव्हापासून बाबांचं एकही इंजेक्शन चुकलेलं नाही. विसरलेच, तर सात सव्वीसला त्यांच्या लुंगीत नखं रुततात.